रंगाचं विचारा : पिनबॉलच्या पेटीवरचं चित्र

प्रश्न : पेंटरमामा, नमस्कार. खानापूरजवळ आमचं जुनं घर आहे. काका वास्कोला हॉटेल चालवायचे. हॉटेल बंद केल्यावर सामान टेम्पोतून इकडं आलं, त्यात एक पिनबॉल मशीन होतं, नाणं टाकून काचेखाली पोलादी गोळी खेळवायचं. पंधरा वर्षं ते माडीखाली भाताच्या पोत्यांशेजारी पडून आहे. आतल्या पाटीवर बॅली (कंपनीचं नाव), शिकागो आणि १९७९ असं लिहिलंय. मशीन चालू करून देणारा माणूस गोव्यात सापडलाय. पण पेटीवरचं चित्र पार गेलं. डाव्या बाजूला ओल लागून खालचा कोपरा फुगलाय, उजव्या बाजूवर कुणीतरी निळा ऑइलपेंट फासलाय. बेळगावातला रेडियमवाला म्हणतो, "फोटो आणा, दोन दिवसांत स्टिकर मारून देतो." सुतार म्हणतो, घासून सनमायका लावू. काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : सुतारभाऊंना चहा पाजा आणि घरी पाठवा. सनमायका लावलं की तुमचं मशीन म्हणजे वर काच बसवलेलं स्वयंपाकघरातलं कपाट. रेडियमवाल्याला मात्र सोडू नका. त्याचं यंत्र आपल्याला लागणार आहे, फक्त तो म्हणतो त्या कामाला नाही.

मी जन्मभर बोर्ड रंगवले. बेळगाव, शहापूर, वडगाव, तिकडं निपाणी, इकडं लोंढ्यापर्यंत. तुमचं पत्र वाचून मला कळंगुट आठवलं. तिथल्या एका हॉटेलवाल्याची दोन पिनबॉल मशिनं मी रंगवली होती. पहिलं बिघडवलं, दुसरं जमलं. पुढं सांगतो ते त्या दोघांच्या जिवावर.

तुमचं मशीन १९७९ चं, म्हणजे स्टेन्सिलचं काम. त्या काळी कारखान्यात पेटीला आधी एक सपाट रंग देत, मग कापलेलं स्टेन्सिल धरून एक रंग फवारत, ते काढून दुसरं धरत, त्यातून दुसरा रंग. सपाट रंगावर दोन-तीन रंग, की चित्र झालं. आपल्याकडं धान्याच्या पोत्यावर आणि पिंपावर मारतात त्या छापाचाच हा थोरला भाऊ. स्टेन्सिल लाकडाला पुरतं चिकटून बसत नाही, कडेखालून रंगाची वाफ थोडी आत शिरते. म्हणून जुन्या पेटीवरची रेघ जवळून बघितली तर किंचित धुरकट दिसते. मला त्या मशीनमध्ये सगळ्यात आवडते ती ही धुरकट रेघ. स्टिकरवर तीही छापून मिळते, पण तो छापलेला धूर. हात फिरवला की खाली काही लागत नाही.

स्टिकर वाईट असं मी म्हणत नाही. नव्वदीतल्या पुष्कळ मशिनांवर चौरंगी छपाईची चित्रं आहेत, चेहऱ्यावर सावल्या, आभाळात एक रंग दुसऱ्यात मिसळत गेलेला. ते हातानं फवारायला गेलात तर हसं होईल. तिथं स्टिकरच पाहिजे. पण जे स्टेन्सिलनं जन्मलं त्याला स्टेन्सिलच द्यावं, या मताचा मी आहे.

आता पहिली गोष्ट. पॉलिश पेपरला हात लावायचा नाही. आज नाही, या आठवड्यातही नाही.

याला कारण आहे. माझ्या उस्तादांनी लिहिलेला एका किराणा दुकानाचा लाकडी बोर्ड माझ्याकडं आला होता. रंग उडालेला, पण अक्षरं जागेवर. मी तरुण होतो, हातात जोर होता. पहिल्याच दुपारी सगळं घासून पांढरं लाकूड काढलं. संध्याकाळी मालक आले आणि म्हणाले, "अक्षर तेच पायजे हं, वडलांच्या वेळचं." उस्तादांचा 'र' खाली उतरून शेपटीसारखा वळायचा. तो मला डोळ्यांपुढं दिसत होता, हातातून उतरत नव्हता. चार वेळा पुसलं. शेवटी माझंच अक्षर लिहून दिलं, पैसे कमी घेतले, आणि पुढं कित्येक महिने त्या गल्लीतनं जायचं टाळलं.

तेव्हा आधी नक्कल उतरवा. दोन्ही बाजू, पुढचा भाग, वरच्या डोक्याच्या, म्हणजे पेटीवर उभ्या असलेल्या खोक्याच्या, दोन्ही कडा. टेप चिकटवून, माप दिसेल असे समोरून सरळ फोटो काढा, तिरके नकोत. मग प्रत्यक्ष मापाची नक्कल. त्याला साधा ट्रेसिंग पेपर आणू नका. खानापूरच्या हवेत कागद ओल पिऊन फुगतो, सकाळी जुळलेली रेघ संध्याकाळी दोन सूत सरकलेली असते. ड्राफ्ट्समन लोक वापरतात ती पॉलिस्टरची धुरकट फिल्म आणा. ती फुगत नाही, फाटत नाही. चारही कोपऱ्यांत अधिकाचं चिन्ह मारा. पुढं प्रत्येक रंगाचं स्टेन्सिल त्याच चिन्हांवर बसवायचं आहे.

निळ्या ऑइलपेंटखाली काय आहे ते कसं कळणार? रात्री खोलीतले दिवे घालवा आणि बॅटरी पेटीला लावून आडवी धरा, प्रकाश पृष्ठभागावरून घसरत गेला पाहिजे. स्टेन्सिलच्या प्रत्येक रंगाला जाडी असते. निळ्याखालून त्याच्या कडा नांगरलेल्या शेतासारख्या उठून दिसतील. एकानं बॅटरी धरायची, दुसऱ्यानं फिल्मवर पेन्सिल चालवायची. कळंगुटला माझा भाचा बॅटरी धरून होता. तासाभरानं म्हणाला, "मामा, हे काय भूत शोधूलालासा की काय?" तसंच होतं ते. पण भूत सापडलं, एका बाईचा उंचावलेला हात आणि मागं चांदण्या.

डाव्या बाजूची नक्कल उलटवली की उजवी तयार, असं धरून चालू नका. पुष्कळ पेट्यांवर दोन्ही बाजू आरशासारख्या असतात, पण अक्षरं आली की ती उलटवता येत नाहीत, आणि कधी पुढची आकृतीच वेगळी असते. दोन्ही उतरवा, मग एकमेकींवर ठेवून बघा.

रंग जुळवायला उन्हात विटलेला भाग घेऊ नका. बाजूच्या स्टीलच्या पट्ट्या काढल्या की त्यांच्याखाली, पायांच्या मागं, नाणं टाकायच्या दाराच्या चौकटीखाली मूळ रंग पहिल्या दिवसासारखा असतो. तिथलं नखाएवढं पोपडं उचलून डबीत घाला आणि रंग मिसळून देणाऱ्या दुकानात न्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका, डबा घेऊन रस्त्यावर या.

आता पेटी रिकामी करायची. हे मशीन शंभर किलोच्या वर भरतं, एकट्यानं मर्दुमकी नको. गोळी आधी बाहेर काढा. २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅमची पोलादी गोळी आत घरंगळली तर आपण वाचवू बघतोय तेच फोडेल. वरची काच टफन केलेली असते. तिच्यावर मूठ मारलीत तरी काही होणार नाही, पण तिचा कोपरा शहाबादी फरशीला नुसता टेकला की सगळी काच साखरेसारखी होते. सतरंजीवर उभी ठेवा. मग वरचं डोकं उतरवा, खेळाची फळी काढा, तारांच्या प्रत्येक जोडाला कागदाची चिठ्ठी बांधा. त्या काळच्या बॅलीच्या मशिनात इलेक्ट्रॉनिक बोर्डावर बॅटरी असते आणि ती गळून बोर्ड खाते. हे तुमच्या गोव्याच्या माणसाला आधी दाखवा. आणि एवढं माझ्या हद्दीबाहेरचं सांगतो. मागच्या पाटीवर व्होल्टेज वाचल्याशिवाय पिन खोचू नका. अमेरिकेत घरात ११५-१२० व्होल्ट, आपल्याकडं २३०. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो का ते त्यालाच विचारा.

फुगलेला कोपरा : प्लायचे थर सुटले असतील तर उन्हात दोन-चार दिवस वाळवा, थरांत सुरीनं फेविकॉल सारा, दोन्हीकडून फळी लावून शिकंजात रात्रभर दाबा. भुगा होऊन गळत असेल तर तेवढा तुकडा कापून नवा बसवा. हे काम सुतारभाऊंना द्या, म्हणजे चहाचं सार्थक होईल. खड्ड्यांना गाडीवाल्यांची दोन भागांची पुट्टी. घरातली चुन्याची लांबी भरू नका, पायाचे बोल्ट आवळले की ती फुटून येते.

मग घासा. अमेरिकेनं घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली. तुमचं मशीन त्यानंतरचं, पण ती बंदी घरगुती रंगावरची, कारखान्यातल्या रंगाची खात्री नाही. आपल्याकडं शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद) मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये. तेव्हा खालचा रंग असो की वरचा निळा, दोन्हींत शिसं आहे असंच समजा. पाणी लावून ओलं घासा, नाकावर चांगला मास्क, पोरांना आणि कोंबड्यांना लांब ठेवा, निघालेला गाळ परड्यात ओतू नका. १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरू करून २२० वर थांबा.

प्रायमर आणि पांढरा हात. कळंगुटचं पहिलं मशीन मी इथंच घालवलं. जुलै महिना, बाहेर धो धो, हॉटेलवाल्याला सीझनच्या आत पाहिजे होतं. मी एन. सी., म्हणजे झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग, फवारला. दहा मिनिटांत सगळी पेटी ताकासारखी पांढुरकी. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं, हे मला पाठ होतं, आणि तरी केलं. वर चकचकीत पी. यू. (पॉलियुरेथेन) मारून झाकायला गेलो. ते मशीन नव्या फ्रिजसारखं दिसायला लागलं. खानापुरात तर पाऊस बेळगावच्याही वर. म्हणून नक्कल आत्ता करा, सुतारकाम आत्ता करा, फवारणी दिवाळीनंतर. कोरडी हवा, सकाळी दहा ते दुपारी तीन.

इथं रेडियमवाला येतो. तुमच्या फिल्मवरची नक्कल त्याच्याकडून स्कॅन करून घ्या. एकेका रंगाचा आकार वेगळा करून कटिंगच्या यंत्रावर स्टेन्सिल कापून घ्या. पण त्याच्या चिकट फिल्मवर कापून पेटीला घट्ट चिकटवलं तर रेघ ब्लेडसारखी धारदार येईल, आणि मघाशी म्हटलेला धूर जाईल. मी दुसऱ्या मशीनला जाड प्लास्टिकच्या शीटची स्टेन्सिलं कापून घेतली. पेटी आडवी झोपवली, शीट वर ठेवली आणि कडांना ठिकठिकाणी नट-बोल्ट वजनाला ठेवले. गन सरळ उभी धरून, हलके तीन हात. कडेनं केसभर रंग आत गेला, पाहिजे तेवढाच. एकदा जुन्या प्लायच्या तुकड्यावर सराव करा. पहिल्याला नक्की ओघळ येतो.

अक्षरांत पोकळी असली की स्टेन्सिलमध्ये पूल ठेवावा लागतो, नाहीतर मधला तुकडा गळून पडतो. इंग्रजी 'ओ'ला दोन पूल ठेवले की भागतं. कन्नड अक्षरांत गोलात गोल, तिथं पूल बांधता बांधता पेंटर म्हातारा होतो. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं, तेव्हा बसच्या पाट्यांपासून दवाखान्यांपर्यंत पुष्कळ बोर्डांवर मला नाव बदलायचं काम मिळालं. तीन लिप्यांची स्टेन्सिलं मी कापून ठेवली होती. त्यातलं देवनागरी अजून माळ्यावर आहे. विषय पुलांचा होता. तुमच्या पेटीवर मूळ पूल दिसत असतील तर ते भरू नका. कारखान्यानं ठेवले होते, तुम्हीही ठेवा.

फिकट रंग आधी, गडद नंतर, काळा सगळ्यात शेवटी. दोन रंगांच्या मध्ये एक अख्खा दिवस जाऊ द्या. कधी कधी काळा थोडा सरकलेला दिसेल, एका बाजूनं पांढरी फट. कारखान्यातल्या माणसाचा त्या दिवशीचा हात तो. मी तो तसाच ठेवला. हॉटेलवाला म्हणाला, चुकलंय. मी त्याला जुना फोटो दाखवला. वर बिनरंगी क्लिअर मारायचंच असेल तर मॅट, एकच पातळ हात.

आणि एवढं करून घरात कुणी म्हणालंच की स्टिकरच पाहिजे, तर तेही नीट करा. कास्ट व्हायनल मागा. स्वस्तातलं आक्रसतं, एप्रिलच्या उन्हात त्याच्या कडा उचलतात. वर मॅट लॅमिनेशन. उघड्या लाकडावर स्टिकर धरत नाही, खाली रंग लागतो, आणि तो रंग नुसता वाळून भागत नाही, आतून पक्का व्हावा लागतो. ऑइलपेंटला तीन-चार आठवडे द्या. नाहीतर आत अडकलेलं टर्पेंटाइन बाहेर पडताना स्टिकरखाली फोड उठवतं, आणि लोक रेडियमवाल्याला शिव्या देतात. वरच्या सरळ कडेवर आधी जुळवा, मागचा कागद चार बोटं सोला, मग दोघांनी मिळून खाली उतरत जा. फ्लिपरच्या, म्हणजे गोळी टोलवणाऱ्या दांड्यांच्या, बटणांची भोकं शेवटी, आतून, नव्या ब्लेडनं. पाय बसवताना बोल्ट आवळला की स्टिकर चुणतो, म्हणून पाय आणि पेटीच्या मध्ये जाड नमद्याचा तुकडा घाला. रंगवलेल्या पेटीलाही घाला, बोल्टखाली रंगही चिरडतो.

डाव्या बाजूचं निम्म्याहून जास्त चित्र शाबूत निघालं, तर मात्र हे सगळं विसरा. ती बाजू तशीच ठेवा, फक्त उघडं लाकूड रंगानं बुजवा, आणि नवं काम उजव्या बाजूलाच करा. दोन बाजू दोन वयांच्या दिसतील. मशीन भिंतीला लावताना कुठली बाजू लोकांना दाखवायची ते घरात ठरवा.


प्रश्न : आजोबांच्या तंबाखूच्या वखारीची काचेची पाटी आहे. काळ्यावर सोनेरी मराठी अक्षरं. मागून पोपडे सुटताहेत. मागून वार्निश मारून पक्की करू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नको. वार्निशमधलं टर्पेंटाइन सुटलेल्या रंगाखाली गेलं की तो सुरकुततो, आणि मग तुम्हाला मला नव्हे, अस्थी गोळा करणाऱ्याला बोलवावं लागेल.

ही पाटी काचेच्या मागून, उलटी लिहिलेली आहे. आम्ही साधी पाटी लिहितो तेव्हा आधी जमीन, वर अक्षर, वर कड. काचेवर सगळं उलट क्रमानं. डोळ्याला सगळ्यात पुढं दिसणार ते आधी लिहायचं, जमीन सगळ्यात शेवटी. अक्षरही आरशातलं. सोनेरी खरा वर्ख असेल तर तो जिलेटिनच्या पाण्यावर बसवलेला असतो, म्हणून ओल्या फडक्यानं मागून पुसणं म्हणजे सोनं पुसून टाकणं. वरच्या खानापूरच्या वाचकांच्या मशीनला डोक्यात जी चित्राची काच असते, तीही याच जातीची, फक्त ती रेशमी जाळीतून छापलेली. तिचा वैरी म्हणजे मागच्या दिव्यांची धग. तिथं ४४ नंबरचे बल्ब काढून ४७ नंबरचे लावतात, ते कमी वीज ओढतात आणि कमी तापतात. खानापूरच्या वाचकांनीही त्या काचेला मागून काही पुसू नये.

तुम्ही पाटी उन्हातल्या भिंतीवरून काढा, चुलीजवळच्या तर आधीच. आज एक फोटो पुढून आणि एक मागून घ्या, सुटलेले पोपडे जागा लिहून पाकिटात ठेवा. फ्रेमवाल्याकडून त्याच मापाची साधी काच आणा, चारही कडांना पातळ लाकडी पट्टी लावून ती पाटीच्या मागं बसवा. ही नवी काच रंगाला कुठंही टेकता कामा नये. कडा टेपनं बंद करू नका, आत वाफ अडकते. पाटी उभीच ठेवा, पलंगाखाली आडवी सरकवू नका, आणि तोवर घरातल्या कुणाच्याही हातात फडकं देऊ नका. अक्षरं भरून घ्यायची असतील तर आधी फोटो पाठवा. 'तंबाखू'तल्या 'ख'ची गाठ कशी घातलीय ते मला बघायचं आहे.